कॉमिक्सच्या कट्ट्यावर नव्याने येणाऱ्यांसाठी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर रविवारी सकाळी पुण्याच्या शनिवार पेठेतल्या एका जुन्या वाड्याच्या ओसरीवर आम्ही दहा-पंधरा कॉमिक्सवेडी मंडळी जमतो. कुणी जुन्या बाजारातून धुळीने माखलेला अंक घेऊन येतं, कुणी नुसतंच भांडायला येतं. नवीन माणूस आला की साधारण तेच ते प्रश्न विचारतो, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. ओळीने वाचायलाच हवं असं नाही.

मी फक्त सिनेमे पाहिलेत, कॉमिक्स वाचलेली नाहीत. आलो तर चालेल?

चालेल. आमच्यातले निम्मे तसेच आले. पहिल्या दिवशी कुणीतरी तुमच्या हातात एक अंक ठेवेल आणि तुमचं वाचून होईपर्यंत समोर बसून तुमच्या चेहऱ्याकडे बघत राहील. संकोच वाटू देऊ नका. आपल्याला आवडलेलं पान दुसऱ्यालाही आवडतंय का, हे बघण्याची ती ओढ आहे.

मार्व्हल की डीसी?

दोन्ही. या सुपरहिरोंच्या कॉमिक्स काढणाऱ्या दोन अमेरिकी कंपन्या: स्पायडर-मॅन, हल्क मार्व्हलचे, तर सुपरमॅन, बॅटमॅन डीसीचे. आणि हे विचारलंच आहे तर एक गंमत सांगतो. डीसी ही अक्षरं 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स' या त्यांच्या जुन्या मासिकाच्या नावावरून आली. म्हणजे 'डीसी कॉमिक्स' म्हणणं हे थेट 'पिवळा पीतांबर' म्हणण्यासारखं झालं! हे कळल्यापासून आमच्या ओसरीवर त्या कंपनीला 'पीतांबर' असंच नाव पडलंय.

स्पायडर-मॅन लिहिताना मध्ये रेघ का देता?

कारण ती त्याच्या नावात आहे. सुपरमॅनच्या नावाशी गल्लत होऊ नये म्हणून ती घातल्याचं स्पायडर-मॅनचे एक जनक, मार्व्हलचे स्टॅन ली यांनी सांगितलं होतं. कट्ट्याच्या वहीत रेघ न देता नाव लिहिलंत, तर कुणीतरी शांतपणे पेन्सिल घेऊन ती भरेल. रागवू नका.

सुपरमॅन चड्डी बाहेरून का घालतो?

हा प्रश्न लहान मुलं कुतूहलाने विचारतात आणि मोठी माणसं हसत हसत विचारतात. उत्तर मात्र दोघांनाही एकच.

१९३८ साली जेरी सीगल आणि जो शूस्टर या तेवीस वर्षांच्या दोन मित्रांचा सुपरमॅन 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात छापून आला. त्या काळात अमेरिकेत ताकदवान माणूस म्हटलं की डोळ्यांसमोर यायचा तो सर्कशीतला पैलवान. अंगाला घट्ट बसणारी विजार, तिच्यावर आखूड चड्डी आणि कमरेला रुंद पट्टा, हा त्याचा वेश. सुपरमॅनला तोच मिळाला. आपल्या पेठांमधल्या तालमी ज्यांनी आतून पाहिल्या आहेत त्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. लंगोट लावून आखाड्यात उतरलेल्या पैलवानाला कुणी हसत नाही, कारण तो ताकदीचा गणवेश आहे. लाल चड्डीचंही तसंच.

२०११ साली डीसीने ती चड्डी काढून टाकली आणि जगभरचे वाचक हळहळले. २०१८ साली 'ॲक्शन कॉमिक्स'च्या हजाराव्या अंकात ती परत आली. त्या रविवारी ओसरीवर पेढे वाटले होते.

हल्क हिरवाच का? आणि वेताळ जांभळा का?

दोन्ही उत्तरं छापखान्यातली आहेत. १९६२ च्या पहिल्या अंकात हल्क राखाडी होता. पण तेव्हाच्या छपाईत राखाडी रंग एकसारखा उमटेना. एका पानावर फिका, दुसऱ्यावर काळपट, कुठे चक्क हिरवट. शेवटी दुसऱ्या अंकापासून त्याला सरळ हिरवा करून टाकला.

वेताळाचं म्हणजे फँटमचं याहून मजेशीर आहे. त्याचे जनक ली फॉक यांच्या मनात राखाडी वेश होता. वर्तमानपत्रात ही चित्रमालिका १९३६ पासून काळ्या-पांढऱ्यात येत होती, तेव्हा प्रश्नच नव्हता. १९३९ साली रविवारची रंगीत पानं सुरू झाली आणि वेश जांभळा निघाला. स्वीडनमध्ये तोच माणूस निळा आहे, इटलीत लाल. जंगलात लपून राहणाऱ्या माणसाने लाल कपडे घालावेत यावर आमच्याकडे एक अख्खा रविवार गेला आहे.

आमच्यातल्या एकाच्या घरी दोन पिढ्या छापखाना होता. त्याने एकदा छपाई तपासायचं भिंग आणलं आणि जुन्या अंकातल्या हल्कच्या गालावर ठेवलं. भिंगाखाली हिरवा रंग नव्हताच! पिवळ्यावर निळे ठिपके होते, ओळीने मांडलेले, रांगोळीच्या ठिपक्यांसारखे. एका ठिकाणी निळ्याची पट्टी केसभर सरकली होती, त्यामुळे हल्कच्या कानाला बाहेरून पिवळी कड आली होती. चार शाई, ठिपके आणि पांढरा कागद, एवढ्यावर हे सगळं जग उभं होतं. त्या दिवसापासून जुना अंक हातात आला की मी आधी कानाची कड बघतो.

वेताळ टेकडीचा आणि कॉमिक्समधल्या वेताळाचा काही संबंध आहे का?

नाही. टेकडीला नाव मिळालं ते तिथल्या वेताळाच्या देवळावरून, आणि तो वेताळ म्हणजे भुतांचा राजा, आपल्याकडे गावोगाव पुजला जाणारा.

पण नाव किती चपखल बसलं बघा. टाइम्स ऑफ इंडियाच्या इंद्रजाल कॉमिक्सने मार्च १९६४ पासून फँटम भारतात आणला आणि मराठीत तो वेताळ झाला. गोष्टीतली कल्पना अशी की १५३६ साली पहिल्या वेताळाने शपथ घेतली आणि तेव्हापासून बाप गेला की मुलगा तोच वेश चढवतो. जंगलातल्या लोकांना वाटतं, हा एकच माणूस आहे आणि तो मरतच नाही. आत्ताचा एकविसावा. चारशे वर्षं न मरणाऱ्या, कवटीच्या गुहेत राहणाऱ्या माणसाला मराठीत वेताळाशिवाय दुसरं काय म्हणणार?

१९९० साली इंद्रजाल बंद पडलं. माझ्या मामाच्या ट्रंकेत त्या मराठी अंकांचा गठ्ठा होता. मी वाचायला शिकलो तो त्या अंकांवर, शाळेच्या पुस्तकावर नव्हे. त्या ट्रंकेबद्दल शेवटच्या प्रश्नात आणखी सांगितलं आहे.

तुम्ही कॉमिक्समधल्या आवाजांचं मराठी करता असं ऐकलं. म्हणजे काय?

हा आमचा सगळ्यात लाडका उद्योग आहे, तेव्हा इथे जरा थांबतो.

इंग्रजी कॉमिक्समध्ये प्रत्येकाचा स्वतःचा आवाज असतो. स्पायडर-मॅनने जाळं सोडलं की 'थ्विप'. एक्स-मेन या मार्व्हलच्या टोळीतल्या वुल्व्हरिनच्या मुठीतून पाती बाहेर आली की 'स्निक्ट'. १९७५ साली एक्स-मेनमध्ये आलेला नाइटक्रॉलर एका जागी दिसेनासा होऊन दुसऱ्या जागी उगवला की 'बॅम्फ'. वाचणारे हे आवाज डोळे मिटून ओळखतात. प्रश्न असा की हेच मराठीत काय होईल?

लोकांना वाटतं, धाड आणि धडाम झालं की संपलं. पण आपल्या भाषेत एक फार मोठं कोठार आहे, ते म्हणजे 'कन'. धपकन पडतं ते जड आणि मऊ, ओल्या कपड्यांच्या पिळ्यासारखं. दाणकन आदळतं ते जड आणि टणक. धाडकन दार लागतं. फाडकन थोबाडीत बसते. टचकन पाणी येतं, खुदकन हसू येतं, सुळकन मासा हातातून निसटतो. प्रत्येक शब्दात वस्तूचं वजन, तिचा पोत आणि तिचा वेग तिन्ही आहेत. चित्रकाराला यापेक्षा आणखी काय हवं?

म्हणून आम्ही याद्या करायला लागलो. जाळ्यासाठी 'सुळ्' आणि 'सप्' यांत तीन आठवडे वाद झाला. सुळ् म्हणजे गुळगुळीत सुटणारं, सप् म्हणजे जाऊन बसणारं. शेवटी ठरलं, जाळं मनगटातून निघताना 'सुळ्' आणि भिंतीला चिकटताना 'सप्', म्हणजे एका चौकटीत दोन आवाज. पात्यांसाठी 'खच्' सुचवलं होतं. पण खच् पातं आत घुसताना होतं, बाहेर येताना नाही. कुणाची तरी आई चहा घेऊन आली होती, ती म्हणाली, "म्यानातून तलवार काढल्यासारखं ना? सर्र म्हणा की." वुल्व्हरिन तेव्हापासून 'सर्र' करतो. नाइटक्रॉलरचा प्रश्न 'भप्'वर सुटला, कारण तो जातो तिथे गंधकाचा धूर मागे राहतो आणि स्टोव्ह भडकल्यावर होतो तो आवाज आम्हा सगळ्यांच्या कानात होता.

एक आवाज मात्र अजून मिळालेला नाही. १९७३ साली स्पायडर-मॅनच्या १२१ व्या अंकात त्याची प्रेयसी ग्वेन स्टेसी पुलावरून पडते. तो जाळं टाकून तिला धरतो. तिच्या मानेजवळ अगदी बारीक अक्षरांत एक 'स्नॅप' छापलेला आहे. एरवी आवाज अर्धं पान अडवतात आणि इथे, जिथे सगळं संपतं, तिथे तो नखाएवढा आहे. कडकन म्हटलं तर वाळकी फांदी मोडते. कट् म्हटलं तर दोरा तुटतो. त्या रविवारी तासभर कुणालाच काही सुचलं नाही आणि वहीत ती जागा आम्ही कोरी ठेवली. तुम्हाला सुचलं तर जरूर सांगा.

आणि आवाजांत मराठीचा मान कुणाचा, तर भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेचा. फुरसुंगीहून पुण्यात शिकायला आलेल्या या मुलाकडे एकही अद्भुत शक्ती नाही, पण त्याचा 'ट्टॉक' कुठल्याही 'थ्विप'च्या शेजारी ताठ मानेने उभा राहतो.

'कोण जिंकेल' या वादाचे नियम काय?

पहिला नियम, कोणत्या काळातला ते आधी सांगा. हे महत्त्वाचं आहे, कारण १९३८ चा सुपरमॅन उडत नव्हता, उड्या मारत होता. एक उडी पाव मैलाच्या निम्मी, म्हणजे साधारण २०० मीटर. शनिवारवाड्यापासून पर्वती सरळ रेषेत अडीच किलोमीटरच्या थोडी वर भरते. म्हणजे त्या सुपरमॅनला पर्वतीला जायला तेरा उड्या लागल्या असत्या. आम्ही नकाशावर कर्कटक लावून मोजल्या आहेत, आणि मधल्या बारा वेळा तो कुठे कुठे टेकेल यावर एक सुंदर चित्रही एकाने काढलं आहे.

दुसरा नियम, 'बॅटमॅनला तयारीला वेळ मिळाला तर' हे वाक्य एका माणसाने दिवसातून एकदाच वापरायचं.

तिसरा, मतदानाने निकाल लावायचा नाही. याला कारण आहे. १९८८ साली बॅटमॅनचा जोडीदार रॉबिन, म्हणजे दुसरा रॉबिन जेसन टॉड, जगावा की मरावा हे वाचकांना फोन करून ठरवायला सांगितलं होतं. मरावा म्हणून ५,३४३ मतं पडली, जगावा म्हणून ५,२७१. फरक ७२ मतांचा. म्हणजे एखाद्या मोठ्या सोसायटीतल्या माणसांइतक्या मतांनी एक पोरगा गेला. ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली तेव्हा आमच्यातली एक शाळकरी मुलगी रडली होती. तेव्हापासून मतदान बंद.

तुमच्यात खरीखुरी भांडणं होतात का?

एकाच गोष्टीवरून. बॅटमॅन कुणी निर्माण केला असं विचारल्यावर फक्त बॉब केन यांचं नाव घेतलंत तर.

'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'च्या मे १९३९ च्या अंकात बॅटमॅन पहिल्यांदा आला. केन यांच्या मूळ रेखाटनात त्याच्या अंगावर लाल कपडे होते, डोळ्यांवर छोटा मुखवटा आणि पाठीला ताठ पंख. टोकदार कानांचा शिरस्त्राणासारखा मुखवटा, झोळदार केप, हातमोजे आणि करडा रंग, हे सगळं सुचवलं बिल फिंगर यांनी, आणि पहिली गोष्टही त्यांनीच लिहिली. पण करार केन यांच्या नावाचा होता. फिंगर १९७४ साली गेले आणि अधिकृत श्रेय मिळायला २०१५ साल उजाडलं. म्हणून आमच्याकडे नियमच आहे, नाव घ्यायचं तर 'केन आणि फिंगर' असं जोडीने. कुणी विसरलं तर बाकीचे सगळे एका सुरात म्हणतात. वारकऱ्यांच्या दिंडीत 'ज्ञानोबा' म्हटलं की 'तुकाराम' आपोआप येतं तसं.

भिंतीवर लावलेली ती रिकामी पाकिटं कसली?

ती आमची पारितोषिकं.

साठच्या दशकात मार्व्हलला वाचकांची पत्रं यायची: अमुक पानावर नायकाचे बटण डावीकडे होते, पुढच्या पानावर उजवीकडे कसे? स्टॅन ली यांनी १९६४ पासून या वाचकांना 'नो-प्राइझ' द्यायला सुरुवात केली, म्हणजे बक्षीस नसलेलं बक्षीस. पुढे ते खरंच टपालाने जाऊ लागलं. पाकिटावर अभिनंदन छापलेलं आणि आत काहीच नाही. काही वाचकांनी तक्रार केली म्हणे की आमच्या पाकिटातली वस्तू वाटेत पडली!

पण मजा पुढे आहे. हळूहळू नियम असा झाला की नुसती चूक दाखवून भागणार नाही, ती चूक मुळात चूक का नाही हे जो पटवून देईल त्याला पाकीट. ली स्वतः चुकांमध्ये पुढे होते. नावं लक्षात राहावीत म्हणून ते नाव-आडनाव एकाच अक्षराचं ठेवायचे, पीटर पार्कर (म्हणजे स्पायडर-मॅन), ब्रूस बॅनर (म्हणजे हल्क). आणि १९६४ साली ब्रूस बॅनरला तेच बॉब बॅनर म्हणून गेले. पत्रांचा पाऊस पडला. तोड काय काढली, तर त्याचं पूर्ण नाव रॉबर्ट ब्रूस बॅनर असल्याचं जाहीर केलं. बघा, चूक उरलीच नाही.

आम्ही तीच पद्धत ठेवली आहे. पाकीट साधं खाकी, वर शाईने नाव आणि तारीख. आजवरचं सर्वात मानाचं पाकीट आठवीतल्या एका मुलीचं आहे. वर सांगितलेल्या ग्वेन स्टेसीच्या अंकात मजकूर जॉर्ज वॉशिंग्टन पूल म्हणतो आणि चित्रातला पूल दिसतो ब्रुकलिनचा. आपल्याकडे लकडी पूल लिहून झेड ब्रिज काढावा तसं. मोठ्या माणसांनी नाना कारणं दिली. ती म्हणाली, "नाव चुकलं, कारण सांगणाऱ्याचे डोळे ग्वेनवर होते, पुलावर नव्हते." पाकीट लगेच लिहिलं गेलं.

सगळ्यात विचित्र पात्र कोणतं?

प्रत्येकाचं वेगळं. डीसीच्या भविष्यकाळातल्या पोरांच्या पलटणीत १९६२ पासून मॅटर-ईटर लॅड आहे. त्याची शक्ती म्हणजे तो काहीही खाऊ शकतो. दगड, लोखंड, काहीही. पुण्यात आला असता तर त्याने मिसळीत तर्री जास्त मागितली असती याबद्दल एकमत आहे. त्याच जगात आर्म-फॉल-ऑफ-बॉय आहे, तो स्वतःचा हात उपटून त्यानेच हाणतो. सुपरमॅनचा कुत्रा क्रिप्टो १९५५ चा, पुढे मांजर, माकड आणि घोडाही आले आणि १९६२ मध्ये या सगळ्या प्राण्यांची रीतसर पलटण झाली. थॉर १९८६ साली काही अंक बेडूक होता आणि त्या अंकांना अजिबात हसू नका, फार उत्तम आहेत.

माझी स्वतःची लाडकी स्क्विरल गर्ल. खारींशी बोलते आणि पहिल्याच गोष्टीत तिने डॉक्टर डूमसारख्या महाभयंकर खलनायकाला खारींच्या फौजेने लोळवलं. ते चित्र काढलं होतं स्पायडर-मॅन घडवणाऱ्या स्टीव्ह डिटको यांनी. सेतू बांधताना खारीचा वाटा मानणाऱ्या आपल्या लोकांना ही मुलगी कळायला वेळ लागत नाही.

मला कॉसप्ले, म्हणजे एखाद्या पात्राचा वेश, करायचाय. सुरुवात कशी करू?

पहिल्या खेपेला तयार पोशाख मागवू नका. तुळशीबाग, रविवार पेठेतली बोहरी आळी आणि लक्ष्मी रोडवरची कापडाची दुकानं एवढ्यात पुष्कळ होतं. चिलखतासाठी फोमचं शीट घ्या, ते गरम हवेने मऊ होतं आणि हवा तसा बाक देता येतो. चिकटवायला चपला शिवणारे वापरतात तो डिंक. वर रंग देण्याआधी फेव्हिकॉलचे दोन हात द्या, नाहीतर फोम रंग पिऊन टाकतो. मुखवटा घालून किमान तासभर घरात वावरून बघा. श्वास आणि घाम, दोन्हीचा अंदाज येतो.

आणि केप घालून दुचाकीवर बसू नका. हे कळकळीने सांगतो आहे. पावसाळ्यात एकदा माझी केप स्कूटरच्या मागच्या चाकात गेली आणि मी कर्वे रस्त्यावर मानेने मागे ओढला गेलो. वेळेवर ब्रेक लागला म्हणून वाचलो. केप घडी करून डिकीत ठेवा, पोचल्यावर चढवा.

कल्पना हवी असेल तर बॅटमॅनचा १९५७ चा एक अंक आहे. रॉबिनच्या हाताला दुखापत झालेली असते आणि लोकांचं लक्ष तिकडे जाऊ नये म्हणून बॅटमॅन रोज वेगळ्या भडक रंगाचे कपडे घालून हिंडतो, शेवटी तर इंद्रधनुषी. आमच्यातल्या एकाने तो इंद्रधनुषी बॅटमॅन रंगपंचमीला केला होता. त्याचे कपडे खराब झाले की नाही हे कुणालाच सांगता आलं नाही.

पुण्यात जुने अंक कुठे मिळतात?

मंगळवार पेठेतला जुना बाजार, बुधवारी आणि रविवारी. लवकर जा. आपल्या भागातल्या रद्दीवाल्याशी ओळख ठेवा आणि त्याला सांगून ठेवा, उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर आणि दिवाळीच्या साफसफाईत खरा माल येतो. अप्पा बळवंत चौकात मात्र विचारून बघायचं, मिळालं तर मिळालं.

पावसाळ्यात अंक जपायचे कसे?

जुनी कॉमिक्स वर्तमानपत्राच्या कागदावर छापलेली असतात. त्या कागदात लाकडाचा जो अंश राहतो, तो हवेने आणि उजेडाने पिवळा पडतो आणि कागद ठिसूळ होतो. त्यात आपला जून ते सप्टेंबरचा दमटपणा. पिना गंजतात आणि गंज पानावर उतरतो.

प्रत्येक अंक वेगळ्या पारदर्शक पिशवीत, मागे ताठ पुठ्ठा. साधा पुठ्ठा नको, त्यातलं आम्ल पानांना लागतं. आम्लविरहित मिळतो, तोच घ्या. अंक उभे ठेवा, दाबून नव्हे. बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात कधीच नाही, ती भिंत पाणी पिते. खोक्यात सिलिकाच्या पुड्या टाका आणि महिन्याने बदला. कसरीसाठी कडुलिंबाची वाळलेली पानं चालतात, पण फडक्यात बांधून, अंकांना न भिडता.

दोन गोष्टी कधीही करू नका. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका, वर्षा-दोन वर्षांत तिचा डिंक तपकिरी होतो आणि कायमचा राहतो. आणि लॅमिनेशन करू नका. माझ्याकडच्या एका वेताळाचं मुखपृष्ठ वडिलांनी प्रेमाने एका दुकानात लॅमिनेट करून आणलं. त्यांना वाटलं, मुलगा खूश होईल. मी खूश झाल्यासारखं दाखवलं. आत एक बुडबुडा अडकला आहे, बरोबर वेताळाच्या घोड्याच्या डोळ्यावर, आणि तो आता कशानेही निघणार नाही. तो अंक मी वेगळा ठेवला आहे, पण टाकणार नाही.

जुन्या कॉमिक्सना खूप पैसे मिळतात ना?

काहींना. १० सेंटला विकल्या गेलेल्या 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकाची एक उत्तम प्रत २०१४ साली ३२ लाख डॉलरला गेली. सीगल आणि शूस्टर यांना सुपरमॅनच्या सगळ्या हक्कांचे मिळाले होते १३० डॉलर. आम्ही ओसरीवर अंक विकत नाही, अदलाबदल करतो.

आपला मराठी सुपरहिरो का नाही?

हा प्रश्न आला की दुपार होते. माझं म्हणणं, आपल्या हातांनी काम पुष्कळ केलं आहे. १९८६ साली दिल्लीच्या राज कॉमिक्सचा नागराज हिंदीत आला. त्याचे सुरुवातीचे अंक ज्यांनी चितारले ते प्रताप मुळीक पुण्याचे. अमर चित्र कथेतही त्यांची चित्रं आपण लहानपणी पाहिली आहेत. हिरव्या अंगावर खवले असलेला तो माणूस ज्या सफाईने वळतो, ती रेषा बघून घ्या. मराठी मुलांनी हिंदीत वाचलेला हा नायक मराठी हाताने काढलेला होता, हे अनेकांना आजही माहीत नसतं.

२००४ साली मार्व्हलने जीवन कांग यांच्या चित्रांसह भारतीय स्पायडर-मॅन काढला. पीटर पार्करचा पवित्र प्रभाकर, राहणार मुंबई, पोशाखात चक्क धोतर. धोतर नेसून भिंतीवर चढता येतं का, असं काहींनी विचारलं. काचा मारून मल्लखांबावर चढणारी मुलं ज्यांनी पाहिली आहेत त्यांनी हे विचारू नये.

आमच्यातले दोघं-तिघं आता स्वतःचं काढू लागले आहेत. त्यांची पानं वहीत आहेत, आलात की बघा. आवाज अर्थातच मराठी.

मुलांना आणलं तर चालेल का? आणि आजी-आजोबांना?

दोघांनाही आणा. काही अंक मोठ्यांचे असतात, ते वरच्या फळीवर असतात. आजी-आजोबांना वेताळ आणि जादूगार मँड्रेक आपल्यापेक्षा जास्त माहीत असतात, फक्त त्यांना तसं कुणी विचारलेलं नसतं.

येताना काय आणू?

कोरडे हात आणि एक पेन्सिल. चहा इथे होतो. अंक हाताळताना खाणं लांब ठेवतो, विशेषतः भजी.

आणि एक विनंती. मामाच्या ट्रंकेतल्या गठ्ठ्यात वेताळाचा एक मराठी अंक होता, त्याची शेवटची दोन पानं नव्हती. वेताळ दोराला लटकलेला, खाली नदी, वरून कुणीतरी दोर कापतंय, आणि पुढे मागचं कव्हर. मुखपृष्ठही गेलेलं, त्यामुळे अंकाचं नाव कळत नाही. मामाने मला त्या गोष्टीचा शेवट दर वेळी वेगळा सांगितला. मामा आता नाही. कट्ट्यावरच्या प्रत्येकाने त्या दोन पानांचा आपापला शेवट चितारून मला दिला आहे, आणि ती बावीस पानं मी त्याच अंकात घालून ठेवली आहेत. तरीही तुमच्या घरी माळ्यावर जुनी मराठी इंद्रजाल असतील, तर पिशवी झटकून तशीच घेऊन या. कव्हर नसलं तरी चालेल. दोर कापणाऱ्या हातात अंगठी आहे का, तेवढं आधी बघा.